कावळा बसला आणि फांदी तुटली: रोजच्या वादातले तर्कदोष कसे ओळखायचे?



नेटच्या पहिल्या पेपरात तार्किक युक्तिवादाचं एक प्रकरण आहे. पेटलाही त्यातले प्रश्न येतात. तर्कदोष, हेत्वाभास, व्याप्ती, अनुमान असे शब्द दिसले की बरेच जण गाइडमधली यादी पाठ करतात, दोन-चार मार्क मिळवतात आणि विसरून जातात. परीक्षेपुरतं ते चालतंही. पण संशोधनाला लागल्यावर "खालीलपैकी कोणता तर्कदोष आहे?" असं विचारत चार पर्याय घेऊन कोणी येत नाही. तिथे दोष तुमच्याच निष्कर्षात दडून बसलेला असतो आणि कधी कधी तो थेट व्हायव्हाच्या दिवशी परीक्षकांनाच पहिल्यांदा दिसतो.

म्हणून आज यादी नको. आपल्या परभणीत टपरीवर, बांधावर, एसटीत जे वाद चालतात, तेच घेऊ. माझं स्वतःचं काम मातीतल्या जिवाणूंवर आहे, त्यामुळे उदाहरणं शेतीकडे जास्त झुकतील. पण तुमचा विषय रसायनशास्त्र असो की समाजशास्त्र, मुद्दा तोच राहतो.

आधी तर्कदोष म्हणजे काय ते पक्कं करू. एखादं विधान खोटं असणं वेगळं आणि तर्क सदोष असणं वेगळं. हे बघा: "परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. भेंडीला पाणी लागतं. म्हणून परभणी क्रांती ही भेंडीची चांगली जात आहे." तिन्ही विधानं खरी आहेत. परभणी क्रांती ही आपल्याच कृषी विद्यापीठाची जात, पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूरोगाला तोंड देणारी म्हणून देशभर गाजलेली. पण पहिल्या दोन वाक्यांतून तिसरं निघत नाही. तो "म्हणून" तिथे फुकटचा येऊन बसलाय. तर्कदोष शोधायचा म्हणजे वाक्यातल्या "म्हणून", "त्यामुळे", "याचा अर्थ" या शब्दांवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, की बाबा रे, तू इथे कसा आलास?

विमान उडालं आणि पाणी पडलं

काकतालीय न्याय आपण शाळेत शिकलोय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि बघणारा म्हणतो, कावळ्यामुळे फांदी तुटली. "याच्यानंतर घडलं, म्हणून याच्यामुळे घडलं" असा हा दोष. म्हण सगळ्यांना पाठ आहे, तरी हा दोष सगळ्यात जास्त चालतो. मराठवाड्याने त्याचं एक मोठं उदाहरण बघितलंय: कृत्रिम पाऊस.

२०१५ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने औरंगाबादहून, म्हणजे आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरहून, विमानं उडवून ढगांमध्ये क्षारांचं बीजन करायचा प्रयोग केला. त्या वेळचे वाद आठवा. एक जण म्हणणार, "काल विमान फिरलं, रात्री पाणी पडलं. अजून काय पुरावा पाहिजे?" दुसरा म्हणणार, "आमच्या डोक्यावरून गेलं ना, थेंब नाही पडला. सगळं थोतांड हाय ओ काका." दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत असं वाटतं. पण दोघांचा तर्क एकच आहे: एक घटना, तिच्यामागून दुसरी घटना (किंवा तिचा अभाव), आणि लगेच निकाल.

आता यात अडचण काय ते नीट बघा. विमान वाटेल त्या दिवशी उडत नाही. निरभ्र आकाशात क्षार टाकून काही होत नाही, त्यामुळे रडारवर योग्य ढग दिसले तरच विमान जातं. आणि ज्या ढगात बीजन करता येईल इतकं पाणी आहे, तो ढग आपल्या आपणही बरसू शकतो. म्हणजे विमान आणि पाऊस या दोघांच्याही मागे एक तिसरी गोष्ट उभी आहे: तयार ढग. दुसऱ्या दिवशी पडलेल्या पावसातला विमानाचा वाटा किती आणि ढगाचा स्वतःचा किती, हे नुसतं आकाशाकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

मग कळणार कसं? बीजन केलं नसतं तर काय झालं असतं, हे कुठून तरी समजलं पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने याचं उत्तर दोनदा शोधलं. पहिल्यांदा बारामती परिसरात, १९७३ ते १९८६ या काळातल्या ११ पावसाळ्यांत. प्रयोगाच्या क्षेत्राचे तीन पट्टे केले: उत्तर, दक्षिण आणि मध्ये एक मोकळा पट्टा. आज मीठ उत्तरेच्या ढगांत टाकायचं की दक्षिणेच्या, हे यादृच्छिक पद्धतीने ठरायचं, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखं. एका पट्ट्यात बीजन, दुसरा तुलनेला. मधला पट्टा अशासाठी, की एकीकडचं मीठ वाऱ्याने दुसरीकडे जाऊ नये. अकरा पावसाळ्यांच्या हिशेबात पावसात सुमारे २४ टक्के वाढ दिसली.

दुसऱ्यांदा सोलापुरात, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत. तिथे २७६ ढग निवडले आणि कोणत्या ढगात बीजन करायचं, कोणता तसाच सोडायचा, हे पुन्हा यादृच्छिक पद्धतीनेच. बीजनाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. आणि याच शास्त्रज्ञांनी हेही सांगितलं, की एवढ्याने दुष्काळ हटणार नाही. कारण ढगच नसेल तर अठरा टक्के कशाचे?

म्हणजे टपरीवरचे दोघंही थोडे थोडे बरोबर निघाले! पण त्यांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. निष्कर्ष बरोबर येणं आणि तो योग्य रस्त्याने येणं यातला फरक हाच.

इथे थोडं आपल्या जुन्या तर्कशास्त्राकडे जाऊ, कारण नेटला ते विचारतात आणि गाइडमध्ये ते फार कोरडं दिलेलं असतं. धूर आहे तिथे अग्नी असतो, ही व्याप्ती. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान ठीक. पण उलटं करून बघा: डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर आहे. हे ठीक नाही, कारण लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा, अग्नी आहे पण धूर नाही. मग अग्नीसोबत धूर कधी येतो? लाकूड ओलं असेल तेव्हा. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात या ओल्या सरपणाला "उपाधी" म्हटलंय आणि अशी उपाधी असलेल्या हेतूला असिद्ध हेत्वाभासाच्या एका प्रकारात टाकलंय. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये न सांगता घुसलेली अट, ती उपाधी.

आता ओल्या सरपणाच्या जागी "तयार ढग" ठेवा. जुळतंय ना? आज संख्याशास्त्राचे सर ज्याला कन्फाउंडर म्हणतात, तो याच घराण्यातला. दोन्ही तंतोतंत एक आहेत असं मी म्हणणार नाही, परीक्षेत तसं लिहूही नका. पण सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित ही पाच नावं घोकण्याआधी हे ओलं सरपण एकदा डोक्यात बसलं, की बाकीची नावं आपोआप सोपी होतात.

हाच दोष बांधावर दुसऱ्या रूपात भेटतो. "मागच्या साली कापसाचं वाटोळं झालं, यंदा ते टॉनिक मारलं, उतारा वाढला." इथे तर दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. एक तर यंदाचं पाऊसमान वेगळं. दुसरं, टॉनिक घ्यायचं मनात कधी येतं? साल फार वाईट गेल्यावर. आणि फार वाईट सालानंतरचं साल बहुतेक वेळा त्यापेक्षा बरंच असतं, काही मारा नाहीतर नका मारू. ताप सगळ्यात जास्त चढल्यावर आपण डॉक्टरकडे जातो, तसंच हे. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ज्यांच्या प्रबंधात "उपक्रमापूर्वी" आणि "उपक्रमानंतर" असे दोनच रकाने आहेत (शिक्षणशास्त्रवाल्यांनो, तुमच्याकडे बघतेय), त्यांनी हे दोनदा वाचा. सगळ्यात कमी मार्कांची मुलं निवडायची, महिनाभर नवीन पद्धतीने शिकवायचं आणि मार्क वाढले की पद्धतीला श्रेय द्यायचं! तशाच मुलांचा, तेवढाच वेळ नेहमीच्या पद्धतीने शिकलेला दुसरा गट कुठाय?

कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर गेलात तर छोट्या छोट्या वाफ्यांत पाट्या रोवलेल्या दिसतील. एकच खत तीन-चार ठिकाणी, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, आणि मध्येच एक वाफा ज्याला काहीच दिलेलं नाही. नव्या माणसाला वाटतं, काय हा पसारा, एका बाजूला खत आणि दुसऱ्या बाजूला बिनखत असं सरळ करता येत नाही का? नाही येत. विहिरीकडची जमीन वेगळी, बांधाकडची वेगळी. खत नेमकं चांगल्या बाजूला पडलं तर श्रेय खताला जाईल आणि काम जमिनीचं असेल. १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी चिठ्ठ्या टाकून वाफे वाटायची ही पद्धत पुढच्या काही वर्षांत पक्की केली. आज औषधांच्या चाचण्यांतही तीच वापरतात. तो रिकामा, बिनखताचा वाफा म्हणजे काकतालीय न्यायावरचं औषध.

शितावरून भाताची परीक्षा

आपल्या म्हणी तर्कदोष पकडतात तशा कधी कधी करायलाही लावतात. "शितावरून भाताची परीक्षा" हीच घ्या. ही म्हण बरोबर की चूक? भातापुरती बरोबर आहे. पातेलं एक, आच एक, पाणी सगळीकडे सारखं, मग एक शीत दाबून बघितलं की पुरतं. पण गाव म्हणजे भाताचं पातेलं नव्हे. "आमच्या शेजारच्याचं पोरगं पीएचडी करून घरी बसलंय, म्हणून पीएचडीला अर्थ नाही" हे एकच शीत, आणि तेही आपल्या हाताला लागलं म्हणून उचललेलं.

याच्यावर ज्यांनी आयुष्य घालवलं त्यात आपली दोन मराठी माणसं आहेत: विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. शेतीत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना या जोडीचं पुस्तक माहीत असतंच. पूर्वी जिल्ह्यात पीक किती आलं हे नजरेच्या अंदाजावर ठरायचं. १९४० च्या दशकात या मंडळींनी यादृच्छिक नमुन्याने पीक कापणी प्रयोग करायची पद्धत देशभर रुजवली. गावातलं कोणतं शेत निवडायचं आणि त्या शेतातला कोणता तुकडा आखायचा, दोन्ही यादृच्छिक आकड्यांवरून. रस्त्याकडेचं हिरवंगार शेत घ्यायचं नाही आणि पाहुणे आलेत म्हणून पाटलाचंही घ्यायचं नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की दुष्काळी सवलतींचा विषय निघतो. पीक विम्यातही कापणी प्रयोगाचे आकडे पैसे ठरवतात. आणि पावसाचं बघा: एका दिवसात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. मंडळात गावं कितीतरी आणि पाऊस मोजायचं केंद्र साधारण एक. आपल्याकडचा पाऊस तर असा, की बैलाचं एक शिंग ओलं आणि एक कोरडं. मग केंद्राच्या गावात ४० मिलिमीटर पडला आणि सहा किलोमीटरवरचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, तर कागद म्हणतो, इथे अतिवृष्टी झालीच नाही. इथे शितावरून भाताची परीक्षा टपरीवरचा माणूस करत नाही, यंत्रणा करते. त्यामुळे तर्कदोष हा अडाण्यांचा प्रांत आहे, असा समज असेल तर तो आधी काढून टाका. आकड्यांच्या तक्त्यातही तो तेवढाच सुखाने राहतो.

याचीच एक चुलत बहीण म्हणजे फक्त टिकलेले नग मोजणं. नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड, परभणीच्या चौकाचौकात क्लासचे फ्लेक्स लागतात. शंभर हसरे चेहरे. प्रवेश किती जणांनी घेतला होता, तो आकडा फ्लेक्सवर कधीच नसतो. छेद न सांगता अंश सांगितला की समजायचं, काहीतरी शिजतंय. शोधनिबंध वाचतानाही हेच करा. प्रश्नावली किती जणांना दिली, परत किती आल्या, हे आधी शोधा.

ध चा मा

नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला. "धरावे"चं "मारावे" झालं, ही त्यामागची आख्यायिका तुम्हाला माहीत आहे. ती ऐतिहासिक दृष्ट्या किती खरी, हा इतिहासवाल्यांचा प्रश्न. पण समोरच्याचं म्हणणं किंचित बदलायचं आणि मग त्या बदललेल्या म्हणण्याला झोडपायचं, या दोषाला यापेक्षा चांगलं नाव मला तरी सुचत नाही. इंग्रजी पुस्तकांत याला गवताचा पुतळा म्हणतात. आपल्याला "ध चा मा" पुरे.

जूनमध्ये विद्यापीठातले शास्त्रज्ञ सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. पारावर पोचेपर्यंत त्याचं होतं, "विद्यापीठवाले म्हणायलेत पेरूच नका. त्यांचं काय जातंय, पगार चालूच हाय." यात दोन दोष एकावर एक बसलेत. आधी म्हणणं बदललं, मग म्हणणाऱ्याचा पगार काढला. शास्त्रज्ञाला पगार मिळतो हे खरं, पण त्यामुळे ओल नसलेल्या जमिनीत बी उगवणार आहे का?

पावसाच्या अंदाजाचं तर विचारूच नका. हवामान खात्याच्या भाषेत हंगामी पाऊस "सरासरीएवढा" म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. हा आकडा अख्ख्या देशाचा, चार महिन्यांचा मिळून. तो "यंदा आपल्याकडे मस्त पाऊस" असा ऐकला जातो. समग्राला लागू असलेली गोष्ट त्याच्या प्रत्येक भागालाही लागू धरायची, हा वेगळा दोष आहे. वर्गाची सरासरी ६० आहे म्हणून तुम्हाला ६० मिळाले असतील असं कोणी म्हटलं तर तुम्ही हसाल. पावसाच्या बाबतीत तेच आपण दरवर्षी करतो.

जुलै २०१७ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल थेट हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. तेव्हा शहरातल्या बऱ्याच जणांना ती बातमी गमतीची वाटली. मला तेव्हाही वाटली नाही, आताही वाटत नाही. अंदाजावर भरवसा ठेवून पेरलं आणि पाऊस लांबला, तर बियाणं, खत, मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं असं सगळं मातीत जातं आणि दुबार पेरणीला पुन्हा उसनवारी. देशाच्या सरासरीवरून आपल्या शेतातला पाऊस धरणं हा तर्क म्हणून दोष आहे, हे मान्य. पण देशाची सरासरी टीव्हीवर अशी सांगायची की ती प्रत्येकाला आपल्याच शिवाराची वाटावी, हाही दोषच, आणि त्याची किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागत नाही.

माणसावर जाणं

"तुम्ही कधी शेती केली का?" हा आपल्याकडचा ब्रह्मास्त्र प्रश्न. त्याच्या जोडीला "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण". डॉक्टर स्वतः सिगारेट ओढतात म्हणून सिगारेट चांगली ठरत नाही. माणूस ढोंगी असू शकतो आणि त्याचं म्हणणं तरीही खरं असू शकतं.

मात्र इथे घाई करू नका. पुस्तकं वाचून काही विद्यार्थी असे होतात, की माणसाबद्दल कुणी काहीही विचारलं की "हा तर्कदोष आहे!" म्हणून ओरडतात. कीटकनाशक सुरक्षित आहे असं सांगणाऱ्या अभ्यासाला पैसा त्याच कंपनीने दिला होता का, हे विचारणं दोष नाही. ते विचारलंच पाहिजे. फक्त उत्तर "हो" आलं म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही, तो जास्त बारकाईने तपासायचा असतो, एवढंच. तसंच "माझा वीस वर्षांचा अनुभव आहे" असं कोणी अनुभवाच्या जोरावर बोलत असेल, तर त्याचा अनुभव विचारणं रास्तच आहे.

उलट बाजूला, माणूस मोठा म्हणून म्हणणं खरं, हाही तितकाच जुना रोग. लायनस पाउलिंग यांना दोन नोबेल मिळाले होते, एक रसायनशास्त्राचं आणि एक शांततेचं. त्यांनी १९७० मध्ये क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते असं पुस्तक लिहिलं आणि लोक दुकानांवर तुटून पडले. नंतरच्या चाचण्यांत सर्वसामान्य माणसांची सर्दी त्याने टळत नाही असंच दिसलं. दोन नोबेलवाल्याची ही गत, तर "आमचे सर म्हणाले" हे प्रबंधात संदर्भ म्हणून चालेल का? सरांना मान द्या, चहा द्या, पण संदर्भ मूळ निबंधाचाच द्या.

"एक तर सेंद्रिय करा, नाही तर विष खा" यातला दोष तुम्हाला आता मी न सांगता दिसेल. मधल्या वाटा गायब आहेत. याच्यावर जास्त शाई घालवत नाही.

खरं ठरलेलं तेवढंच आठवणं

हा सगळ्यात गोड दोष, कारण याने आपल्याला आनंद होतो. भविष्य खरं ठरलं की दहा जणांना सांगतो, चुकलं की विसरतो. याच्यावर महाराष्ट्रातच एक सुंदर प्रयोग झालाय आणि संशोधनाला येणाऱ्या प्रत्येकाने त्याची रचना अभ्यासावी असं माझं मत आहे.

जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० पत्रिका जमवल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. प्रत्येक सहभागी ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि विचारलं, कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगा. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. नाणं उडवून उत्तर दिलं तर सरासरी ५० टक्के बरोबर यायला हवीत. ज्योतिषांची सरासरी आली ४६ टक्के. "करंट सायन्स" या नियतकालिकात २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

यातला आकडा मला दुय्यम वाटतो. खरी शिकण्यासारखी गोष्ट ही, की किती उत्तरं बरोबर आली तर दावा मान्य करायचा, ते उत्तरं हातात यायच्या आधीच ठरलेलं होतं. नाहीतर काय होतं, ते तुम्ही कुठल्याही कट्ट्यावर ऐकू शकता: "हे खरे ज्योतिषी नव्हतेच." मग खरा कोण? ज्याचं बरोबर येतं तो! अशी व्याख्या केली की हरायची सोयच उरत नाही, आणि ज्या दाव्याला हरायची सोय नाही तो तपासताही येत नाही. दुसऱ्या बाजूलाही सांगते: या प्रयोगाने पत्रिकेवरून बुद्धिमत्ता ओळखता येते का, एवढंच तपासलं. त्यावरून लग्न जुळवण्याबद्दल किंवा शेअर बाजाराबद्दल थेट निकाल काढला, तर तो "म्हणून" पुन्हा फुकटचा.

तर सिनॉप्सिस लिहिताना गृहीतकाच्या खाली एक ओळ पेन्सिलने लिहून ठेवा: कोणता निकाल आला तर मी हे गृहीतक सोडून देईन? ती ओळ लिहिताच येत नसेल, तर मार्गदर्शकांकडे जायच्या आधी गृहीतकच बदला.

आणि एक सावधगिरी. समोरच्याच्या तर्कात दोष सापडला, याचा अर्थ त्याचा निष्कर्ष खोटा, असं नसतं. कृत्रिम पावसाचं बघितलंच आपण. आजी म्हणते, ग्रहणात जेवू नकोस, आणि तिचं कारण तुम्हाला पटत नाही. ठीक आहे. पण तेवढ्यावरून जेवलंच पाहिजे असंही सिद्ध होत नाही, आणि आजीसमोर "काकतालीय न्याय" असा शब्द फेकून तर काहीच सिद्ध होत नाही.

आता तुमच्यासाठी काम. आपल्याकडे बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. "आमच्या मामाच्या शेतात नारळ उभा राहिला तिथेच पाणी लागलं" हे तुम्ही ऐकलं असेल. आपल्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत पाणी साठतं, त्यामुळे काही ठिकाणी ते नारळाशिवायही लागतंच. समजा तुमच्याकडे एक पाणाड्या आहे, वीस बोअरचा खर्च द्यायला तयार असलेलं कोणीतरी आहे आणि एक उन्हाळा आहे. प्रयोग कसा आखाल? नारळाने दाखवलेल्या दहा जागा झाल्या, उरलेल्या दहा कशा निवडाल? कुठली जागा कुठल्या प्रकारची, हे बोअरवाल्याला माहीत असावं का? आणि "पाणी लागलं" म्हणजे नेमके किती इंच, हे कधी ठरवाल?